आकार वेगळा, खर्ज तोच

विशेष प्रतिनिधी

खोडद (ता. जुन्नर) : येथील महाकाय रेडिओ दुर्बीण प्रथमच पाहणाऱ्याची बहुधा थोडी निराशा होते. 45 मीटर व्यासाची तबकडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे चकचकीत, भरीव पत्र्याची प्रचंड परात उभी राहते. प्रत्यक्षात दिसते ते पोलादी तारांचे जाळे. त्यातून पलीकडचे आकाश दिसते, वारा आरपार जातो. ‘ही एवढी छिद्रे असताना आकाशातील लहरी अडतात तरी कशा?’ हा प्रश्न राष्ट्रीय विज्ञानदिनी दुर्बीण पाहायला येणारी शाळकरी मुले हमखास विचारतात.

उत्तर सोपे आहे. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते, त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत असते. जाळीची भोके मात्र 10 ते 20 मिलिमीटरची आहेत. एवढ्या लांब लहरीला ती भोके जाणवतच नाहीत. तिच्या दृष्टीने जाळी आणि भरीव पत्रा सारखेच. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखून पत्रा वगळला. त्यामुळे वजन घटले, वाऱ्याचा दाब कमी झाला आणि खर्च आवाक्यात आला. अशा 30 तबकड्या येथे उभ्या राहिल्या आणि 2001 मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

ज्याचा कामाशी संबंध नाही ते काढून टाकले की वस्तूचा आकार बदलतो आणि तो प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. नेमकी हीच गोष्ट एका वाद्याच्या बाबतीत घडली आहे. ते वाद्य म्हणजे बेस गिटार. डोके नसलेली, कुऱ्हाडीसारखी, विजेच्या लोळासारखी, व्हायोलिनसारखी किंवा नुसत्या वल्ह्यासारखी दिसणारी बेस गिटार आता छायाचित्रांतून आणि चित्रफितींतून गावोगावच्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे. अशा गिटारचा आवाज खरोखरच वेगळा असतो का, ती वाजवायला सोयीची असते का, की हा सारा दिखाऊपणा आहे, असे प्रश्न त्यातून उभे राहतात.

प्रश्न हौसेपुरता नाही

जुन्नर-आंबेगावचा परिसर वाद्यांना नवखा नाही. खोडदजवळचे नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. गावोगावच्या यात्रांसाठी फडांच्या सुपाऱ्या येथील राहुट्यांमध्ये ठरतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे ही तमाशाची मूळ वाद्ये. मोठ्या फडांनी पुढे त्यांच्या जोडीला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडही घेतले. लग्नसमारंभ आणि गणेशोत्सवात वाजविणाऱ्या ऑर्केस्ट्रांमध्ये तर बेस गिटारला आपली अशी जागा असते. गाण्याच्या तळाशी चालणारा जो खर्ज ऐकणाऱ्याच्या छातीत घुमतो, तो बव्हंशी तिचा असतो.

ती वाजविणारा कलावंत रात्री चार-चार, पाच-पाच तास उभा असतो. साडेतीन ते साडेचार किलो वजनाचे वाद्य एका पट्ट्याने एकाच खांद्यावर लटकलेले असते. वाद्य तोल सांभाळणारे नसेल तर डाव्या हाताला सूर दाबण्याबरोबरच दांडी तोलून धरण्याचेही काम करावे लागते. वर्षानुवर्षे असे वाजविल्यावर मनगट, खांदा आणि पाठ कुरकुरू लागतात. ज्याचे पोट बोटांवर आहे, त्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. शिवाय पहिली गिटार घेणारा तरुण पुष्कळदा पै-पै साठवून, क्वचित उसनवारी करून ती घेतो आणि निवड करतो ती चित्र पाहून. म्हणूनच आकाराचे शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

भोपळा कशाला हवा?

प्रथम पारंपरिक वाद्यांकडे पाहू. मिरजेचे तंबोरे सर्वदूर प्रसिद्ध आहेत. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या या कलेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळे निवडून आणले जातात. भोपळ्याचा घेर, त्याची जाडी, त्यावरील तबलीचे लाकूड यांपैकी काहीही बदलले की आवाज बदलतो. कारण उघड आहे. नुसती तार फार थोडी हवा हलविते. तिची थरथर घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात उतरते, तेव्हा कोठे ती कानापर्यंत पोहोचते. येथे आकार हाच आवाज आहे.

तुणतुण्याचेही तेच. खाली कातडे ताणलेले नळकांडे, बाजूला काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि एकच तार. नळकांडे आणि कातडे काढून टाका, तुणतुणे मुके होईल.

खर्जाच्या वाद्यांची अडचण त्याहून मोठी आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असतो. हवेतील त्याची लहर सुमारे सव्वाआठ मीटर लांब भरते. एवढी लांब लहर जोमाने हलविण्यासाठी पेटीही मोठी लागते. म्हणूनच पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बास हे वाद्य माणसापेक्षा उंच असते आणि ते जमिनीवर टेकवून, उभ्याने वाजवावे लागते. प्रवासात ते न्यायचे म्हणजे दिव्यच. शिवाय ढोल-ताशांच्या आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जातो.

विजेने ही अडचण सोडविली. विजेच्या गिटारमध्ये तारांच्या खाली पिकअप बसविलेला असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात अत्यल्प वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो अँप्लिफायरमधून स्पीकरपर्यंत जातो. हवा हलविण्याचे काम आता स्पीकरचे झाले. भोपळ्याची, पेटीची गरज उरली नाही. खोडदच्या तबकडीतून पत्रा जसा वगळता आला, तशी गिटारमधील पोकळ पेटी वगळता आली. उरले एक भरीव लाकूड. ते कसे कापायचे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य कारागिराला मिळाले.

पंचाहत्तर वर्षांचा प्रवास

अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी 1930 च्या दशकातच पडदे असलेली, भरीव धडाची विजेची बेस गिटार तयार केली होती. पण ती फारशी पसरली नाही. खरी सुरुवात झाली 1951 मध्ये. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तिच्या तारेचा वाजणारा भाग 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर ठेवण्यात आला. तेच माप आजही प्रमाण मानले जाते. धडाला दोन शिंगे होती आणि वरचे शिंग मुद्दाम लांब काढले होते. 1960 मध्ये फेंडर यांच्याच कंपनीची ‘जॅझ बेस’ आली. तिची कंबर तिरकी होती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर नव्हत्या. बसून वाजविणाऱ्याच्या मांडीवर ती नीट बसावी, हा त्यामागील हेतू होता.

आज ज्याला आपण ‘नेहमीचा’ आकार म्हणतो, तो असा आहे. 1951 मध्ये मात्र तोही चमत्कारिकच वाटला असणार, कारण त्याआधी बेस म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहत असे ते डबल बासचे भले थोरले पोट. सवय झाली की विचित्र वस्तू नेहमीची होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे अनेक आकार आले. जर्मनीच्या हॉफनर कंपनीने 1956 च्या सुमारास व्हायोलिनच्या आकाराची पोकळ बेस गिटार आणली. 1963 मध्ये गिब्सन कंपनीची ‘थंडरबर्ड’ आली. तिचा आकार रे डीट्रिक या मोटारींच्या आरेखकाने काढला होता. क्रेमर कंपनीने 1980 मध्ये चक्क कुऱ्हाडीच्या आकाराची बेस गिटार तयार केली. ‘किस’ या वाद्यवृंदाचे जीन सिमन्स ती रंगमंचावर मिरवीत. आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील नेड स्टाइनबर्गर यांनी या वाद्याचे डोकेच उडविले.

आवाज कोण ठरवितो?

विजेच्या बेस गिटारचा आवाज प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरतो. पहिली, तार कशाची आणि किती जुनी आहे. दुसरी, तारेची लांबी आणि ताण. तिसरी, पिकअपचा प्रकार आणि त्याची जागा. चौथी, वादकाची बोटे. पिकअप घोडीजवळ असेल तर आवाज टोकदार, खणखणीत येतो. दांडीच्या बाजूला सरकविला तर गोल आणि भरदार होतो. पिकअपची जागा काही सेंटिमीटरने बदलली तरी कानाला फरक कळतो. धडाला शिंगे दोन आहेत की चार, याचा फरक एवढा स्पष्ट कधीच जाणवत नाही.

याचा उत्तम पुरावा म्हणजे 1980 च्या दशकाच्या मध्यात आलेली ‘ॲशबरी’ बेस. तिच्या तारेची लांबी अवघी 18 इंच, म्हणजे सुमारे 46 सेंटिमीटर. धड असून नसल्यासारखे. तारा पोलादाच्या नव्हे, तर सिलिकॉन रबराच्या. रबरावर चुंबकाचा परिणाम होत नाही, म्हणून घोडीखाली दाब ओळखणारा पिकअप. दिसायला हे खेळण्यासारखे वाद्य. पण अँप्लिफायरला जोडले की आवाज येतो तो माणसाहून उंच असलेल्या डबल बासच्या जवळ जाणारा. आकाराने आवाज ठरत असता, तर हे घडलेच नसते.

मग आकाराचा आवाजाशी काहीच संबंध नाही का? तसेही नाही. संबंध आहे, पण तो धडापेक्षा दांडीतून येतो. दांडी लांब आणि सडपातळ असते. तार थरथरते तशी तीही किंचित लवते. एखाद्या सुराची कंपने दांडीच्या स्वतःच्या कंपनांशी जुळली, तर तारेतील ऊर्जा दांडी शोषून घेते आणि तो सूर लवकर विझतो. त्याला आस राहत नाही. वादक अशा जागेला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. नेहमीच्या बेस गिटारवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास हा दोष पुष्कळदा सापडतो. दांडीच्या टोकाला वजन लावले किंवा काढले, तर तो जागा बदलतो. म्हणजे डोके असणे-नसणे आणि दांडी कशाची केली आहे, याचा परिणाम आवाजावर होतो. स्टाइनबर्गर यांनी डोके काढले आणि लाकडाऐवजी कार्बन तंतूंचे ताठ मिश्रण वापरले, त्यामागे हेही एक कारण होते. त्यांच्या बेसचा सूर दांडीभर एकसारखा आणि दीर्घ टिकणारा म्हणून नावाजला गेला. लाकडाची ऊब त्यात नाही, अशी तक्रारही काही वादकांनी केली. दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत.

पोकळ धडाची गोष्टही थोडी निराळी आहे. हॉफनरच्या व्हायोलिन बेसमध्ये आत हवा आहे, धड हलके आहे आणि तारेची लांबी 30 इंच, म्हणजे सुमारे 76 सेंटिमीटर आहे. तेवढ्याच जाडीच्या तारेतून तोच सूर काढायचा, तर तारेची लांबी 34 वरून 30 इंचांवर आणताच ताण सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतो. ढिली तार मऊ, गोलसर बोलते आणि लवकर विझते. या वाद्याचा ‘थप्प’ असा, ढोलकीच्या धुमेशी नाते सांगणारा आवाज येतो तो प्रामुख्याने यातून. व्हायोलिनसारख्या बाह्यरेषेचा त्यात वाटा नाही.

सोयीचे गणित

आवाजावर आकाराचा परिणाम थोडा. पण सोयीवर मात्र फार मोठा. हे समजण्यासाठी कावड आठवावी. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असले, तरच ती खांद्यावर स्थिर राहते. एक बाजू लांब असेल, तर त्या बाजूचे थोडे वजनही दुसऱ्या बाजूच्या पुष्कळ वजनाला भारी पडते.

बेस गिटारच्या डोक्यावर चार खुंट्या असतात. पारंपरिक पद्धतीच्या जड खुंट्यांचे वजन प्रत्येकी सुमारे 100 ग्रॅम धरले, तर चार मिळून 400 ग्रॅम झाले. आधाराच्या बिंदूपासून त्या 60 सेंटिमीटर लांब आहेत असे समजू. त्यांना तोलण्यासाठी दुसऱ्या बाजूला 10 सेंटिमीटरवर 2 किलो 400 ग्रॅम वजन हवे. तेवढे नसेल तर दांडी खाली झुकते आणि डाव्या हाताला ती उचलून धरावी लागते. बेस गिटारचा सर्वांत जाचक दोष तो हाच.

वरचे शिंग लांब असले की पट्ट्याची पुढची खुंटी दांडीच्या दिशेने सरकते आणि तोल सुधारतो. फेंडर यांनी 1951 मध्ये शिंग लांब ठेवले, त्याचे मर्म हे आहे. ‘थंडरबर्ड’मध्ये नेमके उलट झाले. तिचे खालचे शिंग मोठे आणि वरची बाजू आखूड. दिसायला ती झेप घेणाऱ्या पक्ष्यासारखी दिमाखदार. पण दांडी खाली झुकण्याबद्दल तिची ख्याती आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या गिटारची अडचण वेगळी. उभ्याने ती ठीक वाटते. बसून वाजवायला घेतली की मांडीवरून घसरते, कारण तिला कंबरच नाही. टोकदार कोनांच्या गिटार उजव्या हाताच्या कोपराला आणि बरगड्यांना टोचतात. एका गाण्यापुरते ते चालते; रात्रभराच्या कार्यक्रमात नाही.

याउलट काही विचित्र आकार निव्वळ सोयीसाठी जन्मले आहेत. नेड स्टाइनबर्गर हे मुळात फर्निचरचे आरेखक. खुर्ची करणाऱ्याला मानवी शरीर कोठे वाकते हे ठाऊक असते. स्टुअर्ट स्पेक्टर यांच्यासाठी त्यांनी 1977 मध्ये जी बेस आखली, तिचे धड पाठीमागून आत वळविलेले होते, त्यामुळे ते वादकाच्या पोटाशी नीट बसे. त्यानंतर त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. खुंट्या टोकाला असल्यामुळे तोल जातो ना? मग त्या धडाच्या टोकाला, घोडीपाशी आणाव्यात. डोक्यावर खुंट्या नसतील तर डोके तरी कशाला? आणि डोके नसेल तर त्याला तोलणारे मोठे धड तरी कशाला? असे एकेक करीत उरली एक दांडी आणि तिच्या टोकाला लहानशी आयताकृती पेटी. नेहमीची बेस सुमारे 117 सेंटिमीटर लांब भरते; ही एक मीटरच्या आत आली, आणि तारेची लांबी मात्र 34 इंचच राहिली. खर्ज तोच, वाद्य मात्र लहान. बसून वाजविण्यासाठी तिला घडी होणारा मांडीचा आधार देण्यात आला, पट्ट्यासाठी फिरती पट्टी बसविण्यात आली.

डाव्या हाताच्या सोयीचे प्रयोगही झाले. 34 इंची बेसवर पहिल्या चार पडद्यांचे अंतर सुमारे 178 मिलिमीटर असते, तर 30 इंची बेसवर सुमारे 157 मिलिमीटर. हा दोन सेंटिमीटरचा फरक लहान हाताच्या वादकाला, विशेषतः शिकाऊ मुला-मुलींना, मोठा दिलासा देतो. अमेरिकेतील राल्फ नोव्हाक यांनी 1989 मध्ये तिरक्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पडद्यांचे स्वामित्वहक्क घेतले. या रचनेत जाड तार लांब आणि बारीक तार आखूड राहते. कॅनडातील डिंगवॉल कंपनीने हीच कल्पना बेससाठी वापरली व सर्वांत जाड तार 37 इंचांपर्यंत नेली. 34 इंचांच्या तुलनेत तिचा ताण सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो आणि अतिखर्जातील सूर अधिक स्पष्ट येतात. बोटे स्वाभाविकपणे पंख्यासारखीच पसरत असल्याने हे पडदे दिसतात तितके अवघड नसतात. जेरोम लिटल यांनी तर दांडीलाच पीळ दिला. दोन्ही मनगटे कमी वाकावीत हा त्याचा उद्देश. असे वाद्य पाहून प्रथम ते उन्हात ठेवल्याने वाकडे झाले असावे, असेच वाटते.

मग आकर्षण कशाचे?

सोय आणि आवाज यांच्या पलीकडे वाद्याला एक तिसरे अंगही असते, ते म्हणजे रूप. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. तंबोऱ्यावरील हस्तिदंती दिसणारी वेलबुट्टी आवाजासाठी नसते. ढोलकीला गोंडे बांधल्याने धूम वाढत नाही. तरीही ते केले जाते, कारण कलावंत डोळ्यांसाठीही उभा असतो. कुऱ्हाडीच्या आकाराची बेस हे रंगमंचावरील सोंग आहे, आणि सोंग चोख वठले तर प्रेक्षक टाळ्या देतोच.

कधी रूप आणि सोय यांची गाठ अनपेक्षितपणे पडते. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी डावखुरे. 1961 मध्ये हॅम्बुर्ग येथे त्यांनी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली. ती स्वस्त होती हे एक कारण. दुसरे असे की, तिच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावीकडे धरली तरी ती उलटी वाटत नसे. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ती हलकी असल्याने तासन्‌तास वाजविता येत असे. 1972 मध्ये ती चोरीला गेली आणि अर्धशतकानंतर सापडून मॅकार्टनी यांच्याकडे परत आली. 2024 च्या फेब्रुवारीत ही बातमी जाहीर झाली, तेव्हा जगभर तिचे स्वागत झाले. एका डावखुऱ्या तरुणाच्या अडचणीतून निवडलेला आकार पुढे एका संपूर्ण काळाची खूण बनला.

स्टाइनबर्गरच्या डोके नसलेल्या बेसला 1980 च्या दशकात मोठी लोकप्रियता लाभली. पुढे ती ओसरली. वाद्यात काही दोष निघाला म्हणून नव्हे, तर ते रूप त्या दशकाचे म्हणून जुने वाटू लागले म्हणून. गेल्या काही वर्षांत विमानप्रवास करणाऱ्या, घरातच ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुण वादकांनी हाच आकार पुन्हा उचलून धरला आहे. आपल्याकडेही गायकांच्या सोयीसाठी भोपळ्याऐवजी चपट्या पेटीचे, प्रवासात नेता येणारे तंबोरे तयार होतात. तेथे मात्र पेटी बदलली की आवाज थोडाफार बदलतोच. विजेच्या गिटारला ही किंमत फारशी मोजावी लागत नाही.

घेण्यापूर्वी

वेगळ्या आकाराच्या वाद्याचे काही व्यावहारिक तोटे आहेत आणि ते शहरापासून दूर राहणाऱ्याला अधिक जाणवतात. मूळ स्टाइनबर्गरला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात. यात्रेच्या आदल्या दिवशी तार तुटली, तर ती जवळच्या दुकानात मिळण्याची शक्यता नाही. नव्या डोकेविरहित गिटारपैकी अनेकींत स्क्रूने आवळून साधी तारही बसविता येते. ती सोय आहे की नाही, हे आधीच विचारावे. कोनाकोनांच्या गिटारला साधी पेटी बसत नाही आणि टेम्पोत सामानाखाली तिची टोके पहिल्यांदा मोडतात. पिळाच्या दांडीची किंवा तिरक्या पडद्यांची दुरुस्ती प्रत्येक कारागिराला जमेलच असे नाही. जुने वाद्य विकताना नेहमीच्या आकाराला गिऱ्हाईक लवकर मिळते.

म्हणून शक्य असेल तेथे वाद्य हातात घेतल्याशिवाय विकत घेऊ नये. पट्टा लावून ते गळ्यात अडकवावे आणि दोन्ही हात सोडून द्यावेत. दांडी आहे तेथेच राहिली तर उत्तम. खाली झुकली तर ते वाद्य रात्रभर हेच करणार आहे. त्यानंतर ते बसून मांडीवर घ्यावे. पहिल्या पडद्यापर्यंत हात नेताना खांदा ताणला जातो का, सर्वांत जाड तार दाबताना मनगट किती वाकते, हे पाहावे. किमान वीस मिनिटे उभ्याने वाजवावे, कारण पाच मिनिटांत कोणतेही वाद्य हलकेच वाटते. बारीक तारेवरील पाचव्या ते सातव्या पडद्यांचे सूर एकेक करून वाजवावेत आणि कोणता लवकर विझतो ते ऐकावे. शेवटी मित्राला वाजवायला सांगून आपण पाठ फिरवून उभे राहावे. डोळ्यांना भुरळ पडलेली असली की कान खरे बोलत नाहीत.

वाद्य आधीच घेतले असेल आणि त्याचा तोल जात असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. वजनाने हलक्या खुंट्या मिळतात. त्या बसविल्याने फरक पडतो. रुंद आणि आतून खरखरीत पट्टा खांद्यावरून घसरत नाही आणि भार पसरवितो. पट्ट्याची खुंटी योग्य जागी सरकविणे हे जाणत्या कारागिराचे थोड्या वेळाचे काम आहे. एवढे करूनही हात किंवा खांदा दुखतच राहिला, तर ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

थोडक्यात, विजेच्या बेस गिटारचा आकार तिच्या खर्जाबद्दल फार थोडे सांगतो. तिच्या वजनाबद्दल आणि तोलाबद्दल मात्र बरेच काही सांगतो. विचित्र दिसणारे प्रत्येक वाद्य दिखाऊ नसते आणि नेहमीसारखे दिसणारे प्रत्येक वाद्य सोयीचे नसते. हा आकार कोणत्या अडचणीतून निघाला, असे विचारले की दोहोंतील फरक कळू लागतो. थंडरबर्डचा आकार मोटारीच्या आरेखकाच्या नजरेतून निघाला, स्टाइनबर्गरचा आकार वादकाच्या खांद्यावरून. खोडदच्या माळावरील तबकड्याही पाहुण्यांच्या अपेक्षेसाठी भरीव झाल्या नाहीत. आकाशातील लहरींना जेवढे पुरेसे होते तेवढेच त्यांच्यात ठेवले गेले, आणि वाऱ्याला वाट मिळाली.